पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी: डाग कुठे आहे ते नंतर, कधी येतो ते आधी बघा

जुलैचा दुसरा आठवडा लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी बेल वाजवतंच. "काका, जरा येऊन बघता का, भिंत परत काळी पडलीये." मी डोंबिवलीत राहतो. इंजिनिअर नाही, प्लंबर तर नाहीच. सोसायटीच्या कमिटीवर अकरा वर्षं काढली, त्यातली चार सेक्रेटरी म्हणून, आणि रत्नागिरीजवळ आमचं जुनं चिरेबंदी घर आहे. या दोन ठिकाणी इतक्या वेळा ओल शोधलीये की आता वासावरून अर्धा अंदाज येतो.

मी पोचतो तेव्हा बहुतेक घरांत एकदा रंग मारून झालेला असतो. महागातला, बुरशी न येण्याची हमी देणारा. दिवाळीत भिंत झकास दिसते, पुढच्या जुलैत डाग त्याच जागी हजर. रंगवाल्याचा दोष नसतो. कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठं मुरतंय हे बघायच्या आधीच डबा उघडलेला असतो. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतात, ते काही संपवता येत नाहीत. त्यांना मिळणारं पाणी तोडता येतं. हे पाणी चारच ठिकाणांहून येतं: हवेतून, पावसातून, पाइपातून आणि जमिनीतून. यातलं तुमचं कुठलं, एवढंच ठरवायचं आहे.

आधी लक्षणं

काळे-हिरवट ठिपके, बोटाला लागणारे, ओल्या फडक्याने पुसले जाणारे. जागा ठरलेल्या: कपाटामागे, पलंगाच्या उशाशी, छताच्या कोपऱ्यात. भिंत ओली लागत नाही, नुसती गार लागते. हे बहुतेक वेळा हवेतलं पाणी.

पिवळट-तपकिरी डाग, कडेला गडद रेघ, नकाशासारखा पसरत जाणारा. पाणी येतं, वाळतं, परत येतं आणि प्रत्येक फेरीला नवी कड सोडून जातं. हे वरून किंवा बाहेरून येतंय.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे आणि खाली फरशीवर पांढरी भुकटी. याला लोक बुरशी म्हणतात, पण हा लोणा. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार उरतात. खात्री करायची तर त्यावर थोडं पाणी शिंपडा. लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते. लोणा दिसला म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातून येतंय, बुरशीनाशक फवारून काही होणार नाही.

डाग कुठेच नाही, पण दिवाण उघडला की कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी साय, डब्यातले पापड सादळलेले. हेही हवेचंच काम.

आणि पंख्याच्या हुकातून किंवा लाइटच्या पॉइंटमधून थेंब पडत असेल, तर पुढचं वाचू नका. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरबोर्डातला वीज तोडणारा खटका, पाडा, इलेक्ट्रिशियनला फोन करा, मग वाचा.

पहिली तपासणी: पेन्सिल आणि कॅलेंडर

खर्च शून्य. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख घाला. भिंत तशीही खराब झालीये, लाजू नका. दोन-तीन दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला की नवी रेघ, नवी तारीख. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहा: पाऊस किती, झड कुठून, एसी चालला का, वरचे लोक घरी होते का. पंधरा दिवस हे केलंत तर हजारो रुपयांचं निदान घरबसल्या होतं.

जोराच्या सरीनंतर दोन-चार तासांत डाग ओला झाला आणि उघडीप मिळताच सुकायला लागला, तर खिडकी किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग. दोन दिवस संततधार झाल्यावर ओल आली आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी थेंब पडतायत, तर गच्ची. कोबा, म्हणजे गच्चीच्या स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, स्पंजासारखं पाणी पिऊन बसतो आणि सावकाश सोडतो. पावसाशी काही देणंघेणं नाही, मार्चमध्येही ओलच, तर नळ किंवा नहाणी. सकाळी भिंत गार आणि ओलसर, दुपारी ठीक, तर हवा. फक्त पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला त्रास असेल तर नवल नाही. आपल्याकडचा पावसाळी वारा तिकडूनच येतो, त्या भिंती चार महिने तोंडावर मारा खातात.

हे मी शिकलो ते सोसायटीचे पैसे वाया घालवून. सी विंगमध्ये वरच्या मजल्यावर एका फ्लॅटच्या बेडरूमला छताखाली डाग होता. वरचा मजला, छताजवळचा डाग, म्हणजे गच्चीच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही. दोन वर्षांत दोनदा त्या भागाचं वॉटरप्रूफिंग केलं. तिसऱ्या वर्षी त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "अहो, मे महिन्यात पण ओलं असतं ते." मे महिन्यात! डोंबिवलीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळातून टिपूस पडलेला नसतो. मग डोक्यात प्रकाश पडला: मे महिन्यात रात्रभर काय चालतं? एसी. त्याचं पाणी नेणारा पाइप भिंतीत गाडलेला होता आणि आतला सांधा सुटला होता. दमट हवेत एसी एका रात्रीत काही लिटर पाणी सहज काढतो, ते सगळं भिंतीत जात होतं. पावसाळ्यातही एसी चालूच, म्हणून दोष पावसावर. प्लंबरने पाइप बाहेरून काढून दिला, अर्ध्या दिवसाचं काम. आजींना दोन वर्षं आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी तपासणी: प्लास्टिकचा तुकडा

भिंतीचा तो भाग फडक्याने पुसा आणि पंखा लावून कोरडा करा. मग दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. कुठेही फट नको. एक-दोन दिवस तसंच राहू द्या.

पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला धरले तर पाणी हवेतलं. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतून येतंय. यावर पुढची सगळी दिशा ठरते. हवेचं असेल तर गवंडी बोलावण्यात अर्थ नाही, भिंतीचं असेल तर ओल शोषणारं यंत्र घेण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी ओलं आढळलं तर दोन्ही रोग आहेत. मुंबईच्या आसपास हे काही दुर्मीळ नाही. अशा वेळी भिंतीतलं पाणी आधी बघा.

तिसरी: हवा मोजा

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ तीन-चारशे रुपयांत मिळतं. एक दिवस खोलीच्या मध्ये ठेवा, एक दिवस कपाटामागे सरकवा. दोन आकड्यांतला फरक बघून बहुतेकांचे डोळे उघडतात. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा धरत नाही. भिंतीलगतची हवा ८० च्या वर बरेच दिवस राहिली तर ती येणारच, रंग कुठलाही असो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक सल्ले चुकतात. "खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा" हा सल्ला थंड देशांत बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, ती आत आली की घर सुकतं. आपल्याकडे जुलैत बाहेरचीच आर्द्रता ८५-९० टक्के. भर पावसात खिडकी उघडून तुम्ही ओल आत बोलावता. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. रात्रभर २० वर एसी चालवलेल्या खोलीची भिंत, फरशी, आरसा सगळंच तेवढं गार असतं. सकाळी एसी बंद करून खिडकी सताड उघडली की सगळ्याला घाम फुटतो. एसीच्या खोलीला लागून असलेल्या दुसऱ्या खोलीची भिंत काळी पडते, तीही याचमुळे: अलीकडे गार, पलीकडे दमट.

म्हणून खिडक्या उघडायच्या त्या उघडीप असताना, ऊन पडल्यावर, दुपारी. एसी २५-२६ वर, शक्य तर ड्राय मोडवर. अंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद आणि एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालू. या पंख्याचं तोंड खरोखर बाहेर उघडतंय ना तेही बघा. आमच्या इथे एकाचा पंखा पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्येच हवा सोडत होता, वर बुरशीचं रान माजलं होतं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार मात्र कपडे वाळत घालायची दोरी. हिशोब करा. दहा बाय बाराच्या खोलीतल्या सगळ्या हवेत जुलैत पाऊण-एक लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. मशीनमधून पिळून निघालेल्या एका भरगच्च फेरीच्या कपड्यांत दोन लिटर तरी उरतं. ते बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवलं म्हणजे खोलीत आधी होतं त्याच्या दुप्पट पाणी हवेत सोडलं. ते जाणार कुठे? कपाटामागच्या गार भिंतीवर. कपडे एकाच खोलीत वाळवा, तिचं दार बंद ठेवा, जमलं तर त्याच खोलीत ओल शोषणारं यंत्र लावा. हे यंत्र बंद खोलीतच चालतं. खिडकी उघडी ठेवून लावलं तर अख्ख्या डोंबिवलीची हवा सुकवायला बसेल.

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट हे बुरशीचं माहेर आहे. पंखा चालू करून आठवड्यातून दोनदा कपाटाची दारं तासभर उघडी ठेवा. ओल शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे बंद कपाटात चांगलं काम करतात, खोलीत ठेवून काही होत नाही. खाली साचणारं पाणी साड्यांवर सांडू देऊ नका, डाग पडतो. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, त्यांनी वास झाकला जातो, ओल कमी होत नाही. पुस्तकांच्या कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी युक्ती खरी होती, पण ती तापणाऱ्या पिवळ्या बल्बची. एलईडीने कपाट उजळतं, सुकत नाही. आणि कपड्यांच्या कपाटात गरम बल्ब कुणी लावू नये, आग लागेल.

चौथी: खिडक्या आणि बाहेरची भोकं

प्लास्टिकने सांगितलं की पाणी भिंतीतलं आहे, आणि डाग खिडकीच्या खाली किंवा बाजूला आहे. स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. त्याला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात. कबुतरांची पिसं, धूळ, मेलेल्या मुंग्या यांनी ती बुजतात, ट्रॅक भरतो, पाणी आतल्या कठड्यावरून भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि सुई, दहा मिनिटांचं काम. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय का बघा.

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन उन्हाने कडक होऊन सुटतं. जुनं खरवडून काढा, कोरड्या दिवशी नवं भरा. ओल्या भिंतीवर भरलेलं सिलिकॉन दोन आठवड्यांत सालीसारखं निघतं. एसीच्या पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला उताराचं हवं. आतल्या बाजूला उतार असेल तर पाऊस पाइप धरून घरात येतो. इंटरनेट आणि केबलवाले तर भोक पाडून निघूनच जातात.

सज्जाच्या वर हात पोचेल तेवढंच काम करा. ग्रिलवर उभं राहून बाहेर वाकू नका.

पाचवी: गच्ची

गच्चीवर जायचं ते पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी. पाणी अजून कुठे साचलंय? कोरड्या गच्चीवर हा दोष दिसतच नाही. आधी पाणी उतरायच्या जाळ्या बघा. निम्म्या तक्रारी तिथे अडकलेल्या पानांच्या, पतंगाच्या आणि कुणाच्या तरी चपलेच्या असतात. मग गच्ची आणि कठडा यांच्यामधला वाटा, म्हणजे तो गोलाकार सांधा. तिथे भेग असेल तर पाणी सरळ स्लॅबवर. कठड्यात पिंपळाचं रोप असेल तर नुसतं उपटून समाधान मानू नका, मूळ राहिलं की जूनमध्ये दुप्पट जोमाने येतं. गवंड्याकडून मुळासकट काढून ती जागा भरून घ्या.

गळतीची खरी जागा आणि घरातला डाग एका रेषेत असतील असं नाही. स्लॅबमधून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात, पाणी त्यांतून वाहत दुसऱ्या खोलीच्या पॉइंटमधून टपकतं.

जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर चायना चिप्स, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, त्यावर अजून एक थर, हे मी दोन इमारतींत बघितलंय. प्रत्येक थराचं वजन स्लॅबला पेलावं लागतं. कुणी कंत्राटदार "वरूनच मारून देतो" म्हणाला तर आधी इंजिनिअरला विचारा.

पैसे कुणाचे, हा प्रश्न इथे हटकून निघतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती ही संस्थेने तिच्या खर्चाने काढायची असते. वरच्याच्या बाथरूममधून खालच्याकडे येणारं पाणी ही सभासदांची बाब.

सहावी: नहाणी

म्हणजे भांडणाची तपासणी. खालच्याला वरच्याचा संशय, वरचा म्हणतो मी तर परवाच टाइल्स बदलल्या. टाइल्सने पाणी अडत नाही, ते अडवतो टाइल्सखालचा थर. म्हणून नव्या टाइल्स हा पुरावा नव्हे.

फुकटातली तपासणी आधी. वरचे आठ-दहा दिवस गावाला जाणार असतील तर त्यांना फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करून जायला सांगा आणि खाली पेन्सिलची रेघ मारा. आमच्याकडे एका कुटुंबाचं असंच झालं. वरचे मेमध्ये कणकवलीला गेले, खालची भिंत आठव्या दिवशी फिकी पडली, ते आले आणि तिसऱ्या दिवशी परत ओली. मग कुणाला वाद घालावा लागला नाही.

सोळा आणे खात्री हवी तर दोन भाग वेगळे करायचे. रात्री झोपताना वरचा मुख्य कॉक बंद करा. एवढ्याने थेंब कमी झाले तर नळाची आतली लाइन फुटलीये, कारण तिच्यात दाब कायम असतो आणि ती रात्रंदिवस गळते. कॉक बंद करूनही फरक नाही आणि अंघोळीच्या वेळेनंतरच ओल वाढते, तर निचऱ्याची बाजू. नहाणीच्या जाळीत कापड कोंबून इंचभर पाणी चोवीस तास साठवा. खाली ओल वाढली तर जमिनीचा थर गेलाय. नाही वाढली तर बोळा काढून एकदम सोडा. तेव्हा आली तर जाळीच्या खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा, किंवा त्याचा सांधा. पाण्यात रंग घालायचा मोह होतो. एकांनी रंगपंचमीचा उरलेला घातला होता, त्यांच्या टाइल्सच्या फटी अजून गुलाबी आहेत.

इथपर्यंत घरच्या घरी. पाइपात दाब भरून बघणं, टाइल्स फोडणं हे प्लंबरचं काम. फक्त फोडायच्या आधी दाब तपासून घ्या, असा आग्रह धरा. कधी कधी गिझरच्या लाइनचा एक सांधा निघतो आणि अख्खी बाथरूम वाचते.

चिऱ्याचं घर असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे. जांभा दगड सच्छिद्र. जमिनीतलं पाणी तो वातीसारखं वर ओढतो. जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून जोतं उंच, छप्पर पुढे आलेलं, भिंतींना चुना, आणि झडीच्या बाजूला जूनच्या आधी माडाची झापं बांधलेली. चिरा पाणी प्यायचा आणि उन्हात परत सोडायचा.

आम्ही काय केलं? वीसेक वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा काढून घेतला आणि वर गुळगुळीत ऑइलपेंट. शिवाय अंगण फरसबंद करताना भर घातली, त्यामुळे दीड-दोन फुटांचं जोतं सहा इंचांवर आलं. पागोळ्यांचं पाणी फरशीवर आपटून थेट भिंतीवर उडायला लागलं. पूर्वी ओल फूटभर असायची, ती चार फुटांवर गेली. सिमेंट आणि ऑइलपेंटमुळे भिंतीला श्वास घ्यायला जागाच राहिली नाही, म्हणून पाणी वर वर चढत गेलं. गणपतीला घर उघडलं की देव्हाऱ्याच्या खालची भिंत हाताने पोपडे काढता येतील अशी.

शेवटी उपाय निघाला तो केलेलं उलटवण्याचा. भिंतीलगतची फरशी दोन फूट उखडली, खाली चर खणून खडी भरली, पाणी उताराने परड्यात काढलं. आतला गिलावा चार फुटांपर्यंत काढला आणि चिरा एक अख्खा उन्हाळा उघडा ठेवला. घाई करू नका. जाड भिंत दोन आठवड्यांत सुकत नाही. त्यावर मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि तो इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला मानवत नाही. ओल गेली का? नाही, फूटभर अजून येते. पण दसऱ्यापर्यंत आपली आपण सुकते.

जून ते भाद्रपद बंद राहणाऱ्या घरात गाद्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बाकावर मध्यभागी ठेवा. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या काकांना सांगा, फक्त ऊन पडलेल्या दिवशी उघडा, पावसात नको.

साफ कसं करायचं

पाण्याची वाट बंद झाल्यावर. त्याआधी करायचं तर करा, पण महिन्याभरात परत करावं लागेल.

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा भाग घरी करता येतो. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. कोरड्या ब्रशने कधीही घासू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी पाण्याचा फवारा, मग कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने फडक्याने पुसा, फडकी टाकून द्या, भिंत पंख्याने खडखडीत सुकवा. टाइल्सवर ब्लीच चालतं. गिलाव्यावर त्याचा उपयोग कमी, वरचा काळा रंग उडतो आणि आतली मुळं राहतात. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. व्हिनेगरबरोबरही नको, अमोनियाच्या क्लीनरबरोबरही नको. एकानंतर दुसरं त्याच जागी ओतणं म्हणजेही एकत्र करणंच.

घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. दमा स्वतःलाच असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. बुरशी धरलेली गादी, उशी, फुगलेलं प्लायवूड आणि जिप्समचा तुकडा वाचवत बसू नका.

इथे थांबा

स्विचबोर्ड ओला, भिंतीला हात लावला की झिणझिण्या, किंवा पाऊस आला की मेन ट्रिप होतो: इलेक्ट्रिशियन, त्याच दिवशी. स्विच वाळवून बघू नका.

छताला गंजाचे तपकिरी डाग, सळईच्या रेषेत सरळ भेग, ठोकलं की पोकळ आवाज, गिलाव्याचे ढपले: स्ट्रक्चरल इंजिनिअर. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं, वरून गिलावा थापला की आतलं गंजणं फक्त दिसेनासं होतं. पलंग तिथून हलवा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावं, असं उपविधींत आहे. आपलं शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरीला विचारा.

बाहेरच्या भिंतीच्या भेगा: दोरावर लटकून काम करणारी, सुरक्षेचा पट्टा बांधणारी माणसं, आणि काम एप्रिल-मेमध्ये. जुलैत येऊन "लगेच करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. ओल्या भेगेत भरलेलं काही टिकत नाही. काम देताना कुठे आणि किती थर मारणार हे लेखी घ्या, आणि पाणी साठवून तपासून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

खोकला, शिंका, धाप बुरशीच्या खोलीत वाढते आणि बाहेर गेलं की कमी होते, असं असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट त्याच शब्दांत सांगा. ते विचारतीलच असं नाही.

रंग सगळ्यात शेवटी. प्लास्टिकचा तुकडा परत लावून तो आतून कोरडा निघाला की मगच, आपल्याकडे बहुधा दिवाळीनंतर. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात मी गेल्या वर्षी रंग दिला, पण हातभर जागा सोडून. तिथे पेन्सिलच्या चार रेघा आणि चार तारखा तशाच आहेत. पाहुणे आले की बायको तिथे कॅलेंडर टांगते. ऑगस्ट उलटू दे म्हटलंय तिला, मग पुसतो.